अठरा अक्षरांचा नवा विषाणू

लग्न ठरत असताना डॉक्टरांच्या सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "माशांचा डॉक्टर म्हणजे नेमकं काय करतो हो?" त्यावर डॉक्टरांनी पाऊण तास उत्तर दिलं. सासऱ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, मुलगी दिली, पण प्रश्न काही मागे घेतला नाही. बावीस वर्षं झाली तरी घरातल्या चार माणसांत तो कोणी ना कोणी उकरून काढतंच. मेहुण्याचे गुडघे दुखायला लागले तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला विचारून काय फायदा? तुमच्या पेशंटला गुडघेच नसतात." सगळे हसले. डॉक्टरही हसले. घरी येऊन मात्र जेवेपर्यंत बोलले नाहीत.

शोभेच्या माशांच्या विषाणूजन्य रोगांचं निदान करणारी त्यांची प्रयोगशाळा एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. दुसऱ्या मजल्यावर वजनमापांचं ऑफिस होतं. बर्फाच्या पेटीतून मेलेला मासा घेऊन कोणी लिफ्टमध्ये शिरलं की वजनमापांची मंडळी जिना पकडत. प्रयोगशाळेत माणसं दोन. एक डॉक्टर, जे सह्या करत, आणि दुसऱ्या ताई, ज्या बाकीचं सगळं करत.

ताई तिथे डॉक्टरांच्याही आधीपासून होत्या. पलीकडच्या छोट्या खोलीच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला होता: 'लाल पट्टीचा पिपेट ह्या दाराबाहेर जाणार नाही. कोणाच्याही हातून.' ह्यातलं 'कोणाच्याही' आपल्यासाठी आहे हे डॉक्टरांना माहीत होतं, आणि म्हणूनच तो कागद त्यांना आवडत नसे.

त्या खोलीत विषाणूच्या जनुकाचा एक मुद्दाम बनवून घेतलेला तुकडा असे. खरा विषाणू नव्हे, नुसता तुकडा. त्याने कोणाला रोग होत नाही. माशाच्या कल्ल्याचा नमुना पीसीआरच्या यंत्रात घालताना शेजारी दोन नळ्या आणखी ठेवायच्या. एकीत हा तुकडा, म्हणजे यंत्राला विषाणू ओळखता येतो की नाही ते कळतं. दुसरीत नुसतं शुद्ध पाणी, म्हणजे यंत्राला नसलेला विषाणू दिसत नाही ना, ते कळतं. पहिली नळी पॉझिटिव्ह आलीच पाहिजे आणि पाण्याची कधीही येता कामा नये. तुकड्याचा एक थेंब, अगदी थेंबाचा शिंतोडा, नमुन्यांत गेला तर ठणठणीत मासाही आजारी ठरतो. म्हणून वेगळी खोली, थेंब मोजून उचलायचा वेगळा पिपेट, लाल पट्टी आणि तो कागद.

ताई लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिन्यांच्या रजेवर गेल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात कोई माशांची पैदास करणारे दोघे भाऊ प्रयोगशाळेत आले. थोरला पन्नाशीचा, जाडजूड, बोलायला कमी. धाकटा त्याच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, बोलायला जास्त. त्यांच्याकडचे मासे सुस्तावले होते, तळाशी बसून राहत, कल्ले फिके पडले होते. तीन मेलेही होते.

"कोईंचा हर्पीस असू शकतो," डॉक्टर म्हणाले. तो असला तर सगळे मासे मारावे लागतात, आणि त्या गल्लीत तर घरटी कोई होते.

ताई नव्हत्या. दुसऱ्या प्रयोगशाळेत नमुने पाठवता आले असते, पण डॉक्टरांनी ठरवलं, आपणच करायचं. सहा वर्षांत त्यांनी पिपेट हातात धरला नव्हता. नमुन्यांच्या टेबलावरच्या पिपेटचं बटण त्यांना जड लागलं. अंगठा दुखायला लागला. पलीकडच्या खोलीतला लाल पट्टीचा मात्र लोण्यासारखा चालायचा. डॉक्टरांनी तो आणला. एका दिवसाचा तर प्रश्न होता.

दुपारी यंत्राच्या पडद्यावर, नमुने घेतलेल्या पाचही माशांच्या रेघा वर चढल्या, म्हणजे पॉझिटिव्ह. जरा उशिराने, पण चढल्या. आणि सगळ्यात शेवटी, दमल्याभागल्यासारखी, पाण्याची रेघही चढली.

पाण्याला हर्पीस होत नाही, एवढं डॉक्टरांना कळत होतं. अशा वेळी सगळं फेकून देऊन नव्याने सुरुवात करायची असते हेही कळत होतं. त्यांनीच ते दोन प्रशिक्षण शिबिरांत शिकवलं होतं. पण साडेचार वाजले होते, बाहेर बाकावर थोरला बसला होता, आणि संचालकांचा दोनदा फोन येऊन गेला होता. डॉक्टरांनी नव्या पाण्याची, नव्या पिपेटने, एकच नळी पुन्हा लावली. ती स्वच्छ आली. येणारच होती. त्यांनी सही केली.

पुढे ह्या दुपारची हकीकत त्यांनी बऱ्याच जणांना सांगितली. पहिल्या पाण्याच्या नळीशी आलं की त्यांना दरवेळी खोकला यायचा.

मासे मारले ते दुसऱ्या दिवशी. तीनशे बारा. खात्याचे दोन अधिकारी आले होते आणि टाक्यांत लवंगेच्या तेलाचं भुलीचं औषध प्रमाणाबाहेर ओतायचं ठरलं होतं. मासे आधी डुलू लागले, मग आडवे झाले. अंगणात दातदुखीच्या औषधासारखा वास पसरला. भावांची आई खुर्चीवर बसून बघत होती. तिला कमी ऐकू यायचं. डोक्यावर लाल ठिपका असलेला एक पांढरा कोई चौदा वर्षं तिच्या हातून खात आला होता; तिने त्याचं नाव टोपीवाला ठेवलं होतं. तो सगळ्यांत उशिरा आडवा झाला.

डॉक्टरांनी गल्लीतल्या माणसांसमोर पाच मिनिटांचं भाषण केलं. दक्षता, जबाबदारी, विलगीकरण. मग वही काढून भावांना विचारलं, "मधल्या काळात बाहेरून नवे मासे आणले होते?"

"नाही," थोरला म्हणाला.

धाकट्याने आधी थोरल्याकडे बघितलं, मग टाकीकडे.

"सहा आणले होते," तो म्हणाला. "स्वस्तात मिळाले. वेगळे ठेवायला हवे होते, मी सरळ मोठ्या टाकीत सोडले. दादाला सांगितलं नव्हतं."

"बघा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी वहीत लिहिलं: 'संसर्गाचा स्रोत निश्चित.' खाली रेघही ओढली.

ही झाली एक गोष्ट. डॉक्टरांच्या आयुष्यातली सुखाची गोष्ट तिच्यानंतर तीन आठवड्यांनी घडली. त्यांनी त्या पाच माशांतल्या विषाणूचा जनुकीय क्रम, म्हणजे चारच अक्षरांत लिहिली जाणारी त्याची ओळख, काढायला पाठवला होता. तो आला आणि त्यात, ज्ञात विषाणूच्या अगदी मधोमध, अठरा अक्षरं अशी होती जी तिथे असायचं काही कारण नव्हतं. डॉक्टरांनी ती जगातल्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहिली. कुठेच नव्हती. कोणत्याही देशात, कोणत्याही माशात, कोणत्याही विषाणूत नव्हती. पाचही माशांत मात्र ती तंतोतंत सारखी होती. खऱ्या विषाणूला एवढी शिस्त नसते, ही शंका त्यांच्या मनात येऊन गेली. पण आनंदात असलेला माणूस शंकेला बसा म्हणत नाही.

नवा प्रकार! संमेलनात पोस्टर लागलं, अठरा अक्षरं लाल शाईत. त्याला दुसरं बक्षीस मिळालं. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला, तो बायकोने फ्रिजवर चिकटवला. मेहुण्याने गुडघ्यांचा विषय न काढता फोन केला. घरात त्या विषाणूची चौकशी नव्या बाळासारखी होऊ लागली. "काय म्हणतोय तुमचा नवा?" बायको संध्याकाळी विचारायची, आणि डॉक्टर सांगायचे.

ह्याच दिवसांत एकदा थोरला येऊन गेला. नव्याने मासे आणण्याआधी टाक्यांचं पाणी तपासून घ्यायचं होतं. निघताना म्हणाला, "तुमच्यामुळे गल्लीतले बाकीचे मासे वाचले, डॉक्टरसाहेब. उपकार आहेत."

"कर्तव्य आहे आमचं. धाकटे कुठे आहेत?"

"घराबाहेर काढला त्याला. बायकापोरांसकट. आईसमोर त्याचं नाव निघत नाही." दारापर्यंत जाऊन म्हणाला, "गल्लीतही कोणी उभं करत नाही. कोण करणार?"

"वाईट वाटतं," डॉक्टर म्हणाले. "पण शिस्त हवीच."

पण शिस्त हवीच! हे तीन शब्द पुढे डॉक्टरांना दात घासताना आठवायचे, बूट घालताना आठवायचे, आणि आठवले की ते एकटे असले तरी कोणी बघत नाही ना, असं इकडेतिकडे बघायचे.

ताई रजेवरून परत आल्या, नातीचे फोटो दाखवून झाले, आणि कॉरिडॉरमध्ये पोस्टरसमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. डॉक्टरांना वाटलं, भारावल्या.

"सर, ही लाल अक्षरं—"

"तोच तर शोध आहे ताई. जगात कुठेच नाहीत."

"नसणारच."

"म्हणजे?"

"कुठेच नसतील अशी मीच शोधली होती. दोन दिवस गेले होते माझे."

डॉक्टर हसले. ताई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि चार वर्षांपूर्वीचं रजिस्टर घेऊन आल्या. पलीकडच्या खोलीतला तो विषाणूचा तुकडा बनवून घेताना ताईंनी त्याच्या मधोमध अठरा अक्षरांची एक खूण घालून घेतली होती, कशातच न सापडणारी. उद्या हा तुकडा चुकून नमुन्यांत मिसळलाच, तर क्रम काढल्यावर ओळखू यावा म्हणून. कपड्याला धोबी खूण करतो तशी. पानावर अठराही अक्षरं होती. खाली लिहिलं होतं 'वाचले, मंजूर', आणि डॉक्टरांची सही होती.

सही वळणदार होती. त्या दिवशी डॉक्टर खुशीत असावेत.

"पाण्याची नळी कशी आली होती, सर?"

"स्वच्छ."

"पहिल्यांदा?"

यंत्र सगळं साठवून ठेवतं, हे दोघांनाही माहीत होतं. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत राहिले. पोराला कॉपी करताना पकडावं तसं त्यांना ताईंनी पकडलं असतं तर बरं झालं असतं. निदान काही बोलल्या असत्या. ताईंनी रजिस्टर मिटलं आणि हातमोजे चढवले. संध्याकाळपर्यंत त्यांनी फ्रीझरमध्ये ठेवलेल्या त्या पाच माशांच्या कल्ल्यांची पुन्हा तपासणी केली. पाचही निगेटिव्ह. पाणी निगेटिव्ह. मग बाटलीत औषधात जपून ठेवलेला कल्ल्याचा तुकडा भिंगाखाली धरून डॉक्टरांना बोलावलं. कल्ल्यावर बारीक किडे आकड्यांनी लोंबकळत होते. ते कुठल्याही टाकीत होतात.

"ह्याला औषध काय, सर?" ताईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"मीठ," डॉक्टर म्हणाले.

"किती?"

"त्या टाक्यांना… दोन पोती."

संचालकांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि स्वतःच्या हाताने पत्राचा मसुदा केला. 'सदर अहवालाबाबत पुनर्विलोकनाअंती काही तांत्रिक बाबी निदर्शनास आल्या असून पूर्वीचे निष्कर्ष तूर्तास निर्णायक समजण्यात येऊ नयेत.'

"ह्यातून त्यांना काही कळणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"खरं सांगू नका असं कोण म्हणतंय? फक्त समजेल असं सांगू नका. पोस्टर मागे घ्या, पत्र टपालाने पाठवा, विषय संपला."

डॉक्टरांनी पोस्टर गुंडाळलं. पत्र मात्र नऊ दिवस बॅगेत राहिलं. ते पोस्टात टाकायची लाज वाटत होती आणि हाताने नेऊन द्यायची त्याहून जास्त. बायकोने विचारलं, "फ्रिजवरचा फोटो का काढलात?"

"जुना झाला."

"दोन महिन्यांत?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. पाण्याच्या नळीसकट, न खोकता. बायकोने हातातली भाजी निवडायची थांबवली. आता ती म्हणेल 'होतं असं', अशी डॉक्टरांना आशा होती.

"म्हणजे त्या धाकट्याने काहीच केलं नव्हतं," ती म्हणाली. "आणि त्याला हे अजून माहीत नाही. आज कितवा दिवस?"

"नववा."

ती परत भाजी निवडू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर ऑफिसला न जाता थेट त्या गल्लीत गेले.

थोरला टाक्या घासत होता. डॉक्टरांना बघून त्याने हात पुसले, आतून चांगली खुर्ची आणली. आई पलीकडे तिच्या खुर्चीत होती. डॉक्टरांनी पत्र दिलं. थोरल्याने ते दोनदा वाचलं.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "पण म्हणायचं काय आहे?"

"तुमच्या माशांना हर्पीस नव्हता."

"म्हणजे होता, पण गेला?"

"नव्हताच. मी नमुने हाताळताना चूक केली. प्रयोगशाळेतलं काही तुमच्या नमुन्यांत मिसळलं. मला त्याच दिवशी शंका यायला हवी होती." डॉक्टर थांबले. "आली होती. मी सही केली."

थोरला टाकीकडे बघत होता.

"मग आपण मारले ते?"

"हो."

"आणि त्याने आणलेले सहा?"

"त्यांचा काही संबंध नव्हता. किडे झाले होते फक्त, कोणत्याही टाकीत होतात."

डॉक्टरांना वाटलं होतं, हा अंगावर येईल. त्यांनी मनातल्या मनात त्याची तयारी केली होती. दोन थपडा खाऊन माणूस जरा मोकळा तरी होतो. थोरल्याने खिशातून फोन काढला, एक नंबर लावला आणि कानाला न लावता डॉक्टरांच्या हातात दिला.

"तुम्ही बोला. माझा तो उचलतो की नाही, कोण जाणे."

त्याने उचलला.

"मी माशांचा डॉक्टर बोलतोय," डॉक्टर म्हणाले.

"आता काय?" धाकट्याचा आवाज आला. "आता माझ्याकडे काही नाही. घरात काचेची बरणीसुद्धा ठेवत नाही मी."

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. ह्या वेळी आधीपेक्षा लवकर सांगून झालं.

"पण साहेब," धाकटा म्हणाला, "मी तर कबूल केलं होतं."

"हो."

"मग मी कबूल काय केलं?"

डॉक्टरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तीन महिने मी त्या टोपीवाल्याला स्वप्नात बघतोय," धाकटा म्हणाला. मग, "दादा आहे तिथे? आई?"

"दोघंही आहेत."

"फोन स्पीकरवर टाका. आणि आईला सांगा. मोठ्याने सांगावं लागेल."

डॉक्टर आईच्या खुर्चीपाशी जाऊन वाकले. "नमुन्यांची तपासणी चुकली होती."

"काय?"

"तपासणी! चुकली होती!"

"कोणाची?"

"प्रयोगशाळेची!"

"कोणाची?"

डॉक्टरांनी श्वास घेतला. "माझी! चूक माझी होती! तुमच्या धाकट्याची नव्हती!"

शेजारच्या दोन भिंतींवरून डोकी वर आली. समोरच्या घराची खिडकी उघडली. आईने कानाजवळचा हात खाली घेतला.

"कळलं," ती म्हणाली. "ओरडताय कशाला?" मग ती थोरल्याकडे वळली. "ह्यांची कळली. तुझी?"

थोरल्याने घासणी उचलली, परत खाली ठेवली. भिंतीवरच्या डोक्यांपैकी एकाने विचारलं, "काय झालं हो डॉक्टर? परत रोग आला का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. आणि मग, कोणी सांगितलं नसताना, "तेव्हाही नव्हता." ते उठून भिंतीजवळ गेले आणि तिथल्या तिघांना सांगितलं. समोरच्या खिडकीलाही सांगितलं. त्यांना वाटलं होतं, पुन्हा पुन्हा सांगितल्यावर हे सोपं जाईल. वाक्यं कमी होत गेली एवढंच. कान तेवढेच तापत होते.

"साहेब," फोनमधून आवाज आला, "झालं सगळ्यांना सांगून?"

"इथल्यांना झालं."

"मग लिहून घ्या. कोपऱ्यावरचा ॲक्वेरियमवाला, तो मला दुकानाची पायरी चढू देत नाही. माशांचं खाद्य विकतो तो. माझा सासरा, त्याला निवांत सांगा, तो मध्ये मध्ये प्रश्न विचारतो. शाळेतल्या बाई, पोराला त्यांच्या मुलीशेजारी बसू देत नाहीत. बाईंचं डोकं चालत नाही, पण सांगा."

डॉक्टर खिसे चाचपू लागले. थोरल्याने आतून वहीचं पान आणि पेन आणून दिलं.

"माझी बायको," धाकटा म्हणाला. आणि थांबला. "ती तसं काही म्हणत नाही. पण तिलाही वाटतं."

डॉक्टरांनी लिहिलं.

"आणि शेवटी दादा."

"त्यांना सांगितलंय मी. ते इथेच उभे आहेत."

"परत सांगा. एकदा सांगून त्याला कळत नाही. लहानपणापासून."

डॉक्टरांनी बायकोच्या खाली 'दादा' असं लिहिलं. थोरला समोरून ते उलटं वाचत होता. त्याने टाकीजवळचं स्टूल ओढलं, डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवलं आणि त्यावर बसला. फोन दोघांच्या मधे, टाकीच्या काठावर ठेवला, चालूच.

"सांगा," तो म्हणाला.